मेणाचा पत्रा आणि पोलादाची पटाशी

१७९३ च्या सुमारास पुण्याजवळ एका माणसाला नवे नाक बसवले गेले. त्याचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाने ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापले. या वर्णनात मेण आहे, कात आहे, तूप आहे, कापडाच्या पट्ट्या आहेत. कातडी सोलली असे त्यात म्हटले आहे, पण ती कशाने सोलली ते सांगितलेले नाही. ज्या हत्याराबद्दल आपल्याला सगळ्यात आधी विचारावेसे वाटते, त्याबद्दल लिहिणाऱ्याला फारसे काही वाटलेले दिसत नाही. त्याचे लक्ष मेणावर होते, आणि माझ्या मते ते बरोबर जागी होते. नाकाच्या शस्त्रक्रियेत अचूकता येते ती धारेतून कमी. मोजणाऱ्या, धरून ठेवणाऱ्या आणि हाताला वेळेवर अडवणाऱ्या साधनांतून ती जास्त येते. गेल्या दोन-अडीच हजार वर्षांतली हत्यारे एकापुढे एक मांडली, तर हेच दिसते.

त्या माणसाचे नाव कावसजी. नाव पारशी वाटते, पण मासिकाने त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचे काम करी. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग ‘पुण्याजवळ’ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नाक करून दिले. गावाचे नाव मासिकाने दिलेले नाही आणि करणाऱ्याचेही नाही. बैल हाकणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, शल्यकर्म करणाऱ्याचे गेले. चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये त्याने कावसजीला समोर बसवून ते चित्र रंगवले.

तो काळ कसा होता, हे पुण्याजवळच्याच हडपसरवरून कळते. ते तेव्हा पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या वाटेवर वसलेले गाव होते. याच परिसरात २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. ती दशके तलवारीची होती. नाक कापणे ही शिक्षाही होती, सूडही होता आणि शत्रूची विटंबनाही होती. त्यामुळे नाक जोडणाऱ्यांना काम मिळत राहिले. घराण्यात चालत आलेली ही विद्या टिकण्यामागे तिला असलेली मागणी हे मोठे कारण आहे.

आता त्या मेणाकडे येऊ. मुंबई इलाख्यातले क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर अशी शस्त्रक्रिया पाहायला हजर होते. त्यांनी पाहिलेला क्रम असा. मेणाचा पातळ पत्रा घ्यायचा आणि तुटलेल्या नाकाच्या खुंटावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तोच पत्रा उलगडून सपाट करायचा, कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. एवढे झाले की मेणाचे काम संपले. रेघेच्या आतली कातडी सोलायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. खुंटाची जुनी व्रणाची कड तासून ताजी करायची. नाकपुड्यांच्या जागेभोवती आणि वरच्या ओठावर खाच पाडायची. कपाळाची कातडी अर्धा वेढा देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चढवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापून टाकायची.

यातली प्रत्येक गोष्ट विचार करायला लावते. शिंपी कापडावर थेट कात्री चालवत नाही, आधी बेततो. मेणाचा पत्रा हे ते बेतणे होते, तेही वळणावळणाच्या, खोलगट-उंचवट्याच्या आकाराचे. चेहऱ्यावर दिसणारे नाक आणि ते झाकायला लागणारी सपाट कातडी या दोन मापांत बरेच अंतर असते. नजरेने अंदाज केला की कातडी हमखास कमी पडते, आणि एकदा कापलेली कातडी वाढवता येत नाही. मेणाने तो अंदाजच काढून टाकला.

भुवयांमधली पट्टीही तितक्याच हुशारीची. भुवईच्या आतल्या टोकापासून एक रक्तवाहिनी कपाळावर वर चढते. पट्टी शाबूत असेपर्यंत कपाळाची कातडी नव्या जागी बसूनही जुन्या जागेचे रक्त पिते. खालच्या कडेने नवे रक्त मिळू लागले की पट्टी कापायची. कर्करोगात नाक गमावलेल्या रुग्णासाठी आजचा प्लास्टिक सर्जन नेमकी हीच कपाळाची कातडी वापरतो आणि पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतो. आधी तो हातातल्या डॉप्लरने रक्तवाहिनीचा आवाज ऐकून तिची वाट आखून घेतो, एवढाच फरक. आणि मेण? त्याच्या जागी बऱ्याचदा टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातला ॲल्युमिनियमचा पातळ कागद येतो. दोरा काढून घेतल्यावर तो कचऱ्यातच जाणार असतो. तो निर्जंतुक असतो, बोटाने दाबला की वळतो आणि सोडला की वळलेलाच राहतो. लाखो रुपयांच्या थिएटरमध्ये नाकाचे माप एका फुकटच्या कागदावर घेतले जाते, आणि ते चांगले घेतले जाते.

प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने आपल्या संहितेत या मापासाठी झाडाचे पान सांगितले आहे. नाकाच्या आकाराचे पान कापायचे आणि त्या मापाने गालाची कातडी उचलायची. नाकात दोन नळ्या ठेवून वरून कातडी बसवायची, म्हणजे श्वासाची वाटही राहते आणि नाकाला आतून आधारही मिळतो. पुण्यात गालाऐवजी कपाळ आले आणि पानाऐवजी मेण, पण मापाचा आग्रह तोच राहिला. हडपसरच्या मालवाडीतल्या सुमतीभाई शहा आयुर्वेद महाविद्यालयात शल्यतंत्र शिकणारी मुले हे अध्याय आजही अभ्यासतात. सोलापूर रस्त्याच्या आसपासच्या रुग्णालयांत नाकाच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे ट्रे मांडले जातात. एकाच उपनगरात दोन्ही टोके आहेत.

सुश्रुताची हत्यारांची मोजदाद अनेकांनी ऐकलेली असते: १०१ यंत्रे, २० शस्त्रे. या आकड्यांतले प्रमाण मात्र सहसा कुणी सांगत नाही. शस्त्र म्हणजे कापणारे, टोचणारे, खरवडणारे. यंत्र म्हणजे पकडणारे, उघडणारे, ओढून काढणारे, आत पाहू देणारे. म्हणजे कापणाऱ्या एका साधनामागे न कापणारी पाच. स्वस्तिक यंत्रांना, म्हणजे पकडींना, सिंहाचे, कावळ्याचे, कंक पक्ष्याचे तोंड दिलेले आहे. नाडीयंत्रे म्हणजे नळ्या, शलाका म्हणजे सळ्या. आणि सगळ्या यंत्रांत प्रधान कोणते, तर हात. शस्त्राच्या धारेचीही मापे आहेत. फोडण्याच्या शस्त्राची धार मसुरीएवढी, खरवडण्याच्या शस्त्राची अर्ध्या मसुरीएवढी, टोचण्याच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदण्याच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड, धार राखायला सावरीच्या लाकडाची फळी. विद्यार्थ्याने कोहळा-भोपळ्यासारख्या फळांवर कापण्याचा सराव करायचा आणि मगच माणसाकडे वळायचे. अर्ध्या केसाएवढी धार त्या काळी प्रत्यक्षात किती साधत होती यावर वाद घालता येईल. पण कामाप्रमाणे धार बदलायची हा विचार आजच्या ट्रेमध्येही शाबूत आहे.

कावसजीच्या चित्राचा युरोपवर झालेला परिणाम थोडक्यात सांगतो, कारण ती कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी हा वृत्तांत वाचला, हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांना विचारले, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक कपाळाच्या कातडीने बांधले. भूल अजून तीन दशके दूर होती. १८१६ मध्ये त्यांनी दोन यशस्वी शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले. दोनच वर्षांनी बर्लिनमध्ये ग्रेफे यांचे पुस्तक आले. आपल्याकडे जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे दरोडेखोरांनी नाक कापलेले इतके लोक येत, की शंभरावर शस्त्रक्रियांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

इथपर्यंतची सगळी नाके गेलेली होती. असलेले नाक बदलायचे, तेही चेहऱ्यावर व्रण न ठेवता, ही मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. अमेरिकेत रोचेस्टरच्या जॉन ओर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून शिरून शेंडा कमी केला. बर्लिनचे जॅक जोसेफ यांनी पुढच्या काही दशकांत या कामाला शास्त्राचे रूप दिले. जोसेफ मूळचे अस्थिरोगाचे डॉक्टर. हाडाची हत्यारे त्यांच्या हाताला ठाऊक होती. ती त्यांनी नाकाच्या मापाची करून घेतली: छोट्या करवती, कानशी, अस्थीवरचे आवरण सोडवणारे एलिव्हेटर. आजही ट्रेमधल्या कितीतरी हत्यारांना त्यांचे किंवा त्यांच्या शिष्यांचे नाव आहे. ऑफरिख्ट रिट्रॅक्टर हे असेच एक. नाकाच्या पाठीवरची कातडी उचलून धरणारा तो एक लांबट, वाकलेला पत्रा आहे. कापत काहीच नाही, पण तो नसेल तर सर्जन आंधळा.

नाकाची रचना समजल्याशिवाय या हत्यारांची गंमत कळत नाही. वरचा एक तृतीयांश भाग हाडाचा, त्याखाली कूर्चा. मध्ये पडदा, तोही पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. वरची कातडी सगळीकडे सारखी नसते. भुवयांजवळ जाड, शेंड्यावर जाड, आणि हाड व कूर्चा जिथे जुळतात तिथे अगदी पातळ. नेमका उंचवटा बहुधा तिथेच असतो. त्या जागी खाली राहिलेला जरासा खडबडीतपणाही वर्षभराने, सूज उतरली की, वरून दिसू लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची शेंड्यावरची कातडी जाड आणि आतली कूर्चा मऊ असते. अशा नाकात कापून आकार येत नाही, आधार द्यावा लागतो. परदेशी पुस्तकातली नाक लहान करण्याची कृती इथे जशीच्या तशी चालवली, तर शेंडा बसतो.

हाड कापायचे मुख्य हत्यार ऑस्टिओटोम. सुताराची पटाशी ओळखणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. उंचवटा काढला की नाकाचे छप्पर उघडे पडते. दोन्ही बाजूंची हाडे मुळाशी कापून आत सरकवल्याशिवाय ते मिटत नाही. ही कापणी सर्जनला दिसत नाही. पटाशी कातडीखाली असते, एक हात तिच्यावर, दुसऱ्या हाताचे बोट बाहेरून तिच्या टोकावर. काही पटाश्यांच्या एका कडेला छोटी गुळगुळीत गोळी असते. ती कातडीला फाडू देत नाही आणि बाहेरच्या बोटाला टोक कुठवर आले ते सांगते. हातोडीचे ठोके सहायक देतो, ठरलेल्या लयीत, टक-टक. पटाशी वर कपाळाच्या जाड हाडाला भिडली की ठोक्याचा आवाज बदलतो, आणि अनुभवी कान तिथेच थांबायला सांगतो. दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या बारीक पटाश्या आल्यावर आतले अस्तर कमी फाटू लागले. धार बोथट असेल तर हाड कापले न जाता तडकते, आणि तडा कुठे जाईल हे कुणाच्या हातात नसते. म्हणून पटाशीला वेळच्या वेळी धार लावणे हेदेखील अचूकतेचेच काम, फक्त ते थिएटरबाहेर होते आणि त्याची जाहिरात होत नाही.

कानशीचे दात पाहा. चांगल्या कानशीचे दात एकाच दिशेने कापतात, बहुतेक वेळा ओढताना. दोन्हीकडे घासत राहिले तर हाडाखाली चिकटलेली कूर्चा उखडण्याची भीती असते. पडद्यावरचे अस्तर सोडवायला फ्रीअर किंवा कॉटल यांच्या नावाचे एलिव्हेटर वापरतात. त्यांचे एक टोक मुद्दाम बोथट असते. फ्रीअर आणि कॉटल हे दोघेही शिकागोचे. फ्रीअर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडद्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. पडदा सरळ करताना किंवा त्यातून कूर्चा काढताना पाठीला आणि पुढच्या कडेला किमान एक सेंटिमीटरची चौकट राखायची असते. ती मोजायला कॅलिपर लागतो. हा पाच-सात मिनिटांचा कंटाळवाणा भाग आहे. तो टाळलेली नाके पुढे खोगिरासारखी खचून दुसऱ्या सर्जनकडे येतात.

सगळ्या ट्रेमध्ये मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे इंजेक्शनची साधी सुई. पडद्यालगत कूर्चेची पट्टी बसवायची असते तेव्हा ती घसरते. ओल्या, गुळगुळीत, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या तीन पट्ट्या एका रेषेत धरून टाका घालायला तीन हात लागतील. सर्जन त्या तिन्हींतून आडवी सुई आरपार घालतो. पट्ट्या जागच्या जागी थांबतात, उंची पुन्हा तपासता येते, नको वाटली तर सुई काढून परत बसवता येते. मग बारीक दोऱ्याने टाके. काही रुपयांची ही सुई चुकण्याची आणि सुधारण्याची मुभा देते. महागड्या यंत्रांपैकी फार थोडी हे करू शकतात.

आता त्या महागड्या यंत्राकडे. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलट, वीज दिली की ते आकुंचन-प्रसरण पावतात. याच तत्त्वावर इटलीत टोमासो वेर्चेलोत्ती यांनी दातांच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी हाड कापणारे ‘पियझो’ यंत्र विकसित केले आणि ते पुढे नाकापर्यंत पोचले. त्याचे टोक सेकंदाला साधारण पंचवीस ते तीस हजार वेळा कंप पावते, पण प्रत्येक कंपनाची लांबी मिलिमीटरचा अंशच. हाड कडक असल्याने त्या कंपनाने कापले जाते. मऊ अस्तर आणि रक्तवाहिनी टोकासोबतच हलतात आणि सहसा वाचतात. उष्णतेने हाड जळू नये म्हणून सलाइनची धार सतत सोडावी लागते. हातोडी नाही, अनपेक्षित तडा नाही. पहिल्या काही दिवसांत सूज आणि डोळ्यांभोवतीचे काळेनिळेपण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दुसरी बाजूही आहे. टोक नजरेसमोर ठेवायचे म्हणून कातडी जास्त दूरपर्यंत उचलावी लागते, वेळ अधिक लागतो, खर्च वाढतो. कूर्चा त्याने नीट कापली जात नाही, तिथे पुन्हा चाकूच. आणि हाड किती कापायचे हे यंत्राला कळत नाही. जाहिरातीत ‘पियझो’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिलेला असला तरी तो शब्द मोजमाप करत नसतो.

हडपसरपासून जवळच, कोंढव्यात, या विषयाचा आणखी एक धडा गिरवला गेला, आणि त्यात धारेला जवळपास जागाच नव्हती. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अँटिया यांनी १९५० च्या दशकात कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात रुग्णांची विद्रूपता दुरुस्त करायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातला प्लास्टिक सर्जरी विभाग त्यांनी उभा केला. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून नाक लवकर सापडते. आतले अस्तर आणि पडदा नष्ट होतो, अस्तर आकसते आणि बाहेरून चांगल्या असलेल्या कातडीला आत ओढून घेते. असे बसलेले नाक त्या माणसाचा आजार गावभर सांगत फिरे. औषधाने जंतू मेल्यावरही ते तसेच राही, आणि काम, घर, सोयरीक सगळे त्यापायी अडे.

इथे कपाळाची कातडी आणणे चूक ठरले असते. बाहेरची कातडी पुरेशी होती, कमतरता आतून होती. गिलीज यांची युक्ती अशी. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यायचा आणि तिथून आत शिरून आकसलेले अस्तर सोडवायचे. चेहऱ्यावर एकही व्रण नाही. नाक पुन्हा पूर्ण उंचीला फुगले की आत पोकळी उरते. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते गरम पाण्यात मऊ होणारे द्रव्य त्या पोकळीत दाबून ठसा घ्यायचा. ठशाभोवती शरीराच्या दुसऱ्या भागातून काढलेली कातडीची पातळ साल गुंडाळायची, ओली बाजू बाहेर, आणि ठसा परत आत बसवायचा. साल रुजेपर्यंत तोच तिला चेपून धरतो आणि आकारही राखतो. साल रुजली तरी आकसण्याची तिची खोड महिनोन् महिने जात नाही, म्हणून ठसा लगेच काढून टाकता येत नाही. पुढे आधारासाठी हाडाची पट्टी घालतात किंवा दाताच्या कवळीला जोडलेला साचा कायम ठेवतात.

आकसणाऱ्या कातडीशी झुंज ही नाकाच्या कामाची खरी लांबण. सुश्रुताच्या दोन नळ्या, पुण्यातले दहाव्या दिवसाचे कापडाचे बोळे, कोंढव्यातला ठसा आणि आज पडद्याच्या दोन्ही बाजूंना टाक्याने अडकवली जाणारी सिलिकॉनची पाती ही एकाच कामाची साधने आहेत. बाहेरून लावायचा साचा गरम पाण्यात मऊ करून नाकावर बसवतात आणि साधारण आठवडाभराने काढतात. त्या दिवशी रुग्ण आरसा मागतो. त्याला सुजलेले, शेंडा वर ओढल्यासारखे नाक दिसते आणि तो घाबरतो. चांगले सर्जन हे आधीच सांगून ठेवतात आणि त्या दिवशी स्वतः हजर राहतात. पाठीवरची सूज काही महिन्यांत उतरते, जाड कातडीच्या शेंड्याला वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. तोवर ठरलेल्या अंतराने, त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढले जातात आणि पहिल्या फोटोंशेजारी ठेवून पाहिले जातात. पाहताना सर्जनची नजर शेंड्याआधी नाकपुड्यांवर जाते आणि तो रुग्णाला तोंड मिटून जोरात श्वास घ्यायला सांगतो.